एकोणपन्नास शून्यं आणि एक

मित्रांनो, तुम्ही शाळेतून ही कचेरी बघायला आलात आणि रांगेत शांत उभे आहात, म्हणून प्रेमाने मित्रांनो म्हणतोय. पण मघाशी साहेबांनी माझ्या पाठीवर टिचकी मारून जे सांगितलं, ते आधी डोक्यातून काढून टाका. म्हणे, हा जुन्या काळचा उंदीर मारायचा सापळा. सापळा! तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि म्हातारपणी ही पदवी मिळाली. अहो, सापळा मान मोडतो. मी पिंजरा आहे. माझ्यात आलेला जीव रात्रभर खातो, कापसात झोपतो आणि सकाळी आपल्या घरी जातो. फक्त एकच जीव परत गेला नाही. त्याचंही सांगणार आहे, लपवणार नाही. मी रागावलोय असं वाटतंय ना? बरोबर वाटतंय.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो बादल्या, डबे आणि छपराच्या पन्हळी बनवायचा. एक दिवस एक सडसडीत बाई हातात चित्र घेऊन आली आणि तिने वीतभर लांब, मूठभर रुंद असे पन्नास पिंजरे सांगितले. एका बाजूला दार, आत एक हलकी पट्टी. पट्टीवर पाऊल पडलं की दार आपोआप मिटलं पाहिजे, पण शेपटीवर आपटता कामा नये. पत्रेवाला पोट धरून हसला. डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं, पन्नास डबे ठोकून काढतात हे आजच कळलं, असं म्हणाला. पण माणूस कामाला पक्का होता. प्रत्येक पिंजऱ्याच्या आतल्या कडेवरून तो स्वतःचा अंगठा फिरवायचा. अंगठ्याला जरा टोचलं की पुन्हा कानस घासायचा. माझ्या पाठीवर त्याने लाल रंगात सतरा आकडा काढला. त्यातलं सात थोडं वाकडं आलं, ते आजही तसंच आहे.

ती सडसडीत बाई म्हणजे आमच्या ताई. गावातली माणसं त्यांना पाठीमागे उंदीरताई म्हणायची आणि तोंडावरही म्हणायची. त्यांना काही वाटायचं नाही. त्यांच्याबरोबर एक रखवालदार असायचा, ताई त्याला मामा म्हणायच्या. मामाचं आयुष्य त्या रानात गेलं होतं. रान तरी कसं? उंच, घनदाट, चित्रात असतं तसं नाही. बुटकी काटेरी झाडं, मधे मधे गवत, अर्धं वर्ष एका फांदीला पान नाही. बघणाऱ्याला वाटावं इथे कुत्रंही फिरकत नसेल. पण त्या गवतात, मुळांत, ढोलीत केवढी वस्ती होती! पांढऱ्या पोटाचे रानउंदीर, मागच्या पायांवर उड्या मारत जाणारे दुसरे उंदीर, बारक्या चिचुंद्र्या. ते बिया खायचे आणि पेरायचेही, कारण निम्म्या बिया पुरून विसरून जायचे. ते घुबडांचं आणि सापांचं जेवण होते. ते नसले तर रानाचं चूल-पाणी बंद, असं मामा म्हणायचा.

आमचं काम सोपं होतं. पाच ओळी, एका ओळीत दहा पिंजरे. प्रत्येकाची जागा ठरलेली, तिथे जमिनीत लोखंडी खुंटी ठोकलेली. माझी खुंटी दुसऱ्या ओळीत, ढोली असलेल्या एका वाकड्या झाडाखाली होती. वर्षातून एकदा, पाच दिवस, संध्याकाळी दाणे आणि कापसाचा बोळा घालून आम्हाला मांडायचं. सकाळी दार उघडायचं, जो असेल त्याला कापडी पिशवीत घेऊन काट्याला लावायचं, वजन लिहायचं, पाठीवरचे चार केस कातरून खूण करायची आणि तिथल्या तिथे सोडायचं. जागा कधीही बदलायची नाही. मूल दरवर्षी वेगळ्या भिंतीपाशी उभं केलं तर ते वाढलं की नाही हे कळणार कसं, असं ताई विचारायच्या. आणि पिंजरा रिकामा असला तरी वहीत शून्य लिहायचं. मामाला पहिल्यांदा ते पटेना. काही नाही मिळालं तर लिहायचं काय? पण ताई ऐकायच्या नाहीत. शून्य काढताना तर त्या पेन जास्तच दाबायच्या.

हे सगळं हौस म्हणून चाललं नव्हतं. रानाच्या वरच्या अंगाला एक बांध होता आणि त्याला लोखंडी दार होतं. पाच दिवसांत पन्नास पिंजऱ्यांत मिळून वीसपेक्षा कमी जीव सापडले, तर ते दार वीस दिवस उघडायचं आणि पाणी रानातल्या ओढ्यात सोडायचं, असा कचेरीचा ठराव होता. दार उघडायचं म्हणजे एक जड चाक फिरवायचं. ते मामा फिरवायचा. म्हणजे रानाला पाणी मिळणार की नाही, हे आमच्या पोटात कोण आहे त्यावर ठरायचं. आता सांगा, मला सापळा म्हणायला जीभ कशी रेटते?

सुरुवातीची वर्षं काय होती, मित्रांनो! पाऊस वेळेवर येऊन चार महिने थोडा थोडा पडायचा. गवताला बी धरायचं. मग पन्नास पिंजऱ्यांत साठ, सत्तर, एकदा तर ब्याण्णव जीव पाच दिवसांत आले. थंडी अशी की सकाळी माझ्या पत्र्यावर दव गोठलेलं असायचं. आतला उंदीर कुडकुडत असेल तर त्याला लगेच सोडला तर तो गारठून मरायचा. म्हणून ताईंनी नियमाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, "पिंजरे सकाळी आठ वाजता उघडावेत." आठला ऊन पडायचं, पत्रा कोमट व्हायचा, आतला गडी हातपाय ताणून ताजातवाना बाहेर पडायचा. हा आठचा आकडा लक्षात ठेवा.

मग हवा फिरली. एका वर्षात नाही, हळूहळू. आधी थंडी पातळ झाली. मग पाऊस लहरी झाला. दोन महिने डोळे लावून बसायचं आणि मग एका दुपारी सगळा एकदम कोसळायचा. बिळं भरून जायची, पिल्लं बुडायची, पाणी वाहून जायचं आणि पुन्हा जमीन तडकायची. झाडं तीन-तीन आठवडे आधी पानं टाकायला लागली. सावली गेली. गवत गुडघ्याएवढं यायचं ते घोट्याएवढं यायला लागलं आणि बी धरायच्या आतच वाळलं. सलग तिसऱ्या कोरड्या वर्षी ताईंनी बेरीज केली, ती अकरा निघाली. मामाने चाक फिरवलं. वीस दिवस पाणी आलं, ओढ्याकाठच्या गवताला बी धरलं आणि पुढच्या वर्षी आकडा पुन्हा चाळीसच्या वर गेला. म्हणजे उपाय होता. हातात होता. चाक फिरवायचं, एवढंच काम.

उड्या मारणारे तरीही कमीच होत गेले आणि एका वर्षी आलेच नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. रानउंदीर टिकले, पण अंगाने उतरले. आधी भरल्या पोटाची मादी चाळीस ग्रॅम भरायची, ती आता एकतीसवर आली. कोरड्या वर्षी पोटंही रिकामीच असायची. पिल्लं काढावीत एवढं खायलाच नव्हतं. लोक म्हणतात हवामान बदललं तर बदललं, आपण पंखा लावू. उंदराने काय लावायचं?

उन्हाचा कडाका वाढला तशा ताई लवकर निघायला लागल्या. आठचे साडेसात झाले, मग सात, मग सहा. शेवटी शेवटी तर त्या आणि मामा पहिल्या उजेडाला ओळीत हजर असायचे, कारण सातलाच माझी पाठ हाताला चटका द्यायची. एकालाही त्यांनी उन्हात राहू दिलं नाही. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावरही रागावलोय. त्यांनी नियमाचा कागद बदलला नाही. त्यांच्या पायांना वेळ माहीत होती, मामाला माहीत होती, मग लिहायचं कुणासाठी? कागदावर आठ तसेच राहिले.

ताईंच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे एक पाहुणी यायची. डाव्या कानाचं टोक तुटलेलं, म्हणून मामाने तिचं नाव कानतुटी ठेवलं. पाच दिवसांत पाचही वेळा ती माझ्याकडेच. आत आली की आधी दाणे संपवायची, मग कापूस ओढून झोपायची. मामा दार उघडायचा तेव्हा त्याच्याकडे असं बघायची, जणू काय एवढ्या लवकर उठवलंस? मामा म्हणायचा, बाईसाहेबांना भाड्याने खोली दिलीय. ढोलीत तिचं घर होतं, माझ्यापासून चार हातांवर. मला ती फार आवडायची. पत्र्याला आवडनिवड असते का, असं विचारू नका. असते.

मग ताई निवृत्त झाल्या. गुडघे धरले होते, त्या लेकीकडे राहायला गेल्या. नवे साहेब आले. साहेब वाईट नाहीत, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. तुम्हाला आत्ता खाऊ दिलाच त्यांनी. पण साहेब कागदाचे. कागदावर जे आहे ते आहे. पिंजरे मांडायचे दिवस आले, तेव्हा मामा पहाटे टोपी घालून रानाच्या कडेच्या चौकीच्या दारात उभा राहिला. साहेबांनी त्याला नियमाचा कागद दाखवला आणि सांगितलं, आठच्या आधी हात लावायचा नाही, नाहीतर जुन्या वर्षांशी तुलना चुकेल. गंमत बघा, तुलना चुकेल! मामाने सांगून पाहिलं. पण तोंडी सांगितलेलं साहेबांच्या लेखी वाऱ्यावरचं असतं.

पहिल्या सकाळी कानतुटी माझ्या आत होती. पहिला उजेड आला, ती उठली आणि दाराशी येऊन बसली. मामाच्या पावलांची वाट बघत होती. पावलं आली नाहीत. वाकड्या झाडाला पान नव्हतं, ऊन थेट माझ्यावर पडलं. सहा वाजले, साडेसहा, सात. मी तापत गेलो. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. ती मागच्या कोपऱ्यात गेली, तिथून पुढे आली, दाराला नाक लावून बसली. मला फक्त एक दार होतं आणि ते उघडायची अक्कल पत्रेवाल्याने मला दिली नव्हती. आठ वाजता मामा पळत आला. त्याने दार उघडलं आणि तो तसाच खाली बसला. तिला दूध होतं. ढोलीत पिल्लं होती.

साहेब मागून आले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते मामाजवळ वाकले. मग त्यांनी पेन काढलं. सतरासमोर त्यांनी एक लिहिला. एक सापडला. मेला की जगला असा रकानाच कागदावर नव्हता, तर ते काय करणार? त्या दिवशी पन्नास पिंजऱ्यांत तिघे सापडले आणि तिघेही गेले.

साहेबांनी त्यावर जो उपाय काढला, तो ऐका आणि डोकं फोडून घ्या. पिंजरे लांब आहेत, पोचेपर्यंत ऊन होतं, म्हणून प्राणी मरतात. तेव्हा पिंजरे जवळ आणा. झालं! खुंट्या तिथेच राहिल्या आणि पिंजरे चौकीच्या आवारात आले. स्वयंपाकघरामागे, धान्याच्या कोठीपाशी, मोरीच्या सावलीत. तिथे कोण येणार? घरउंदीर! माणसांच्या उष्ट्यावर पोसलेले, गलेलठ्ठ, ज्यांना रान कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा माहीत नाही. एकेक जण असा तोऱ्यात यायचा की दार बंद झालं तरी खाणं थांबवायचा नाही. कागदावर रकाना एकच, "उंदीर." उंदीर तो उंदीर. उरलेल्या चार दिवसांत एक्केचाळीस झाले. साहेबांनी अहवालात लिहिलं की रानातल्या लहान प्राण्यांची संख्या समाधानकारक असून पाणी सोडण्याची गरज नाही. बांधाचं दार बंद राहिलं.

त्यात नवे चकचकीत पिंजरे आले आणि आम्ही जुने अडगळीत गेलो. कुणाचं दार वाकलेलं, कुणाची पट्टी गंजलेली. मी एका फुटक्या बादलीत तोंड खाली करून पडलो होतो. मला स्वतःच्या अपमानाचं दुःख नव्हतं. मला ते एक्केचाळीस आठवायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामाने शेवटी ताईंच्या लेकीकडे जाऊन सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ताई काठी टेकत चौकीवर आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी भिंतीवरचा नियमाचा कागद वाचला. स्वतःचंच अक्षर. त्यांनी आठच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मामा, हे आठ मीच लिहिलेत," त्या म्हणाल्या. "तिला मीच मारलं."

मामा अडगळीत गेला. त्याने फुटकी बादली उलटी केली आणि आम्हाला एकेक करून पुसायला घेतलं. दहा पिंजरे बरे निघाले. साहेबांना विचारलं, तर त्यांनी जुन्या डब्यांचं काय करायचं ते करा म्हणून सांगितलं.

त्या दोघांनी दुसरी ओळ पुन्हा मांडली. प्रत्येक खुंटीवर एक पिंजरा, मी माझ्या खुंटीवर. ताईंच्या गुडघ्यांनी किती शिव्या घातल्या असतील कोण जाणे, पण पाचही दिवस पहिल्या उजेडाला त्या हजर. पहिल्या सकाळी दहाही रिकामे. ताईंनी दहा शून्यं लिहिली. दुसऱ्या सकाळी दहा, तिसऱ्या सकाळी दहा. एके काळी ही एकटी ओळ पाच दिवसांत पंधरा-वीस जीव दाखवायची. चौथ्या सकाळी मामा माझ्यापाशी आला तेव्हा त्याने दार उघडण्याआधीच मान हलवली. ओढा कोरडा ठणठणीत पडला होता आणि दाणे तसेच होते.

पाचव्या पहाटे माझ्या पट्टीवर पाऊल पडलं. इतकं हलकं की दार मिटेल की नाही याची मलाच शंका आली. मामाने पिशवीत घेतलं. पांढऱ्या पोटाची, कोवळी, जेमतेम एकोणीस ग्रॅम. ती कानतुटीची लेक होती का? मला काय माहीत. पिल्लं वाचली असतील असं वाटत नाही, पण ती ढोलीच्या बाजूने आली होती, एवढं खरं. ताईंनी तिला स्वतःच्या हाताने सोडलं. ती दोन पावलं गेली, थांबली आणि मुळाखाली शिरली. ताईंनी सतरासमोर एक लिहिला. एकोणपन्नास शून्यं आणि एक.

त्याच दिवशी ताई आकड्यांचा कागद आणि मला घेऊन या कचेरीत आल्या, या टेबलासमोर बसल्या. मला त्यांनी टेबलावर ठेवलं. साहेबांनी अदबीने पाणी मागवलं, गुडघ्यांची चौकशी केली, कागद उलटसुलट करून पाहिला.

"पण मॅडम, यात तर सगळी शून्यंच आहेत. रिकाम्या पिंजऱ्यांचं मी वर काय कळवणार?"

"तेच कळवायचं," ताई म्हणाल्या. "रिकामे आहेत, हेच कळवायचं. तुमचे एक्केचाळीस स्वयंपाकघरातले आहेत. रानात एक उरलीय. एक आहे तोवर पाणी सोडा, साहेब. शून्य झाल्यावर चाक कितीही फिरवलंत तरी ती परत येणार नाही. आणि तो आठचा आकडा माझी चूक आहे, तसं लिहून देते."

त्यांनी तिथेच लिहून दिलं, सही केली. साहेबांनी बघतो म्हटलं. तुमच्या घरी मोठी माणसं बघतो म्हणतात ना, तसंच. ताई उठल्या. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरच्या वाकड्या सातावर हात फिरवला आणि मला मुद्दाम इथेच ठेवून गेल्या, मी साहेबांना रोज दिसावं म्हणून.

आणि साहेबांना मी दिसलो खरा. वर पंखा गरागरा फिरतो, कागद उडतात. त्यांना वजन हवंच होतं. ताईंचा कागद त्यांनी आपल्या अहवालाखाली ठेवला आणि त्या दोन्हींवर मला ठेवलं. झाले आता बावीस दिवस. हा राग मी कुणाला सांगू? तीस वर्षं मी त्या रानाची खबर आणली आणि आज त्याच खबरीवर मला बसवून ठेवलंय, तिने उडून कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. रानात अजून ऊन वाढायचं आहे. एकोणीस ग्रॅमचा जीव कोरड्या मुळाखाली किती दिवस काढतो, याचा हिशेब मला येतो. तुम्ही विचारू नका.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी म्हणायचं असतं, की आम्हाला पुसा, तेल द्या, फेकू नका. मला यातलं काही नको. मला गंजू द्या. मला एवढंच हवंय की साहेब खिडकीशी तुमच्या बाईंशी बोलतायत, तेवढ्यात तुमच्यापैकी एकाने, तू, पुढे उभा आहेस तो, किंवा तू गं, वेणीवाली, हात पुढे करायचा. घाबरू नकोस, माझ्या कडा पत्रेवाल्याने घासलेल्या आहेत, लागणार नाही. मला उचल. वरचा कागद बाजूला कर. खालचा घे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाच. पहिलं शून्य, मग दुसरं, एकही गाळू नकोस. शेवटच्या दिवसात माझा आकडा येईल, सतरा. त्याच्यासमोर एक आहे. सगळं वाचून झालं की साहेबांना विचार, बांधाचं दार कधी उघडणार?